घरातले दोन कॉम्प्युटर आणि वर्गातली एक मुलगी



आज धडा नाही, कविता नाही आणि स्वाध्यायही नाही. आज माझ्या घरात एका रविवारी काय झालं ते सांगणार आहे. अर्धी गोष्ट कॉम्प्युटरची आहे आणि अर्धी माझ्या दुसरीच्या वर्गातल्या एका मुलीची. कॉम्प्युटरचा भाग घरी उपयोगी पडेल म्हणून तो जरा सविस्तर लिहिते. मुलीचा भाग मात्र मला स्वतःसाठीच लिहून ठेवायचा होता. माझी चूक झाली होती आणि ती कागदावर आली म्हणजे पुन्हा होताना निदान हात तरी अडखळेल.

आमच्याकडे २०१३ साली घेतलेला एक जुना डेस्कटॉप आहे, विंडोज ७ चा. माझी सगळी शिदोरी त्यातच. वर्कशीट, चित्रकार्डं, स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ, आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे मुलांच्या वाचनाची रेकॉर्डिंग्ज. २०१६ पासून मी दर महिन्याला प्रत्येक मुलाचं एक मिनिटाचं वाचन मोबाईलवर रेकॉर्ड करते आणि घरी आल्यावर नावाच्या फोल्डरमध्ये टाकते. जूनमध्ये अक्षराला अक्षर जोडत अडखळणारं पोर मार्चमध्ये धडाधड वाचतं. पालकसभेत ही दोन्ही रेकॉर्डिंग्ज लागोपाठ ऐकवली की आई-बापाच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते कुठल्याही प्रगतिपत्रकात मावत नाही.

तर या डेस्कटॉपची हार्ड डिस्क डिसेंबरपासून टिकटिक आवाज करायला लागली. दुरुस्तीवाल्यानं कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, आहे तोवर डेटा काढून घ्या." पेन ड्राइव्ह लावून बघितला, तर यूएसबीची भोकं सैल झालेली, कॉपी अर्ध्यावर आली की तुटायची. सगळं मिळून ३८ जीबी. इंटरनेटवर चढवायला किती दिवस लागले असते देव जाणे. नवीन लॅपटॉप शेजारीच होता. म्हटलं, दोन्ही कॉम्प्युटर घरातल्याच राऊटरला जोडू आणि एकातून दुसऱ्यात ओढून घेऊ. पुण्याच्या धाकट्या भावाला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, अर्ध्या तासाचं काम आहे." सकाळी दहाला बसले. पहिली फाईल सरकली तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते.

आठ तासांत काय काय झालं ते क्रमानं सांगते.

पायरी १ : वायर

डेस्कटॉपला वाय-फाय नाही, त्याला लॅन केबल लागते. केबल लावली, पण इंटरनेट चालेना. मी लगेच सेटिंग उघडून हे दाब, ते दाब सुरू केलं. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, सेटिंगला हात लावू नकोस. आधी मागचा लाइट बघ." केबल जिथं खोचतो तिथं छोटा दिवा असतो. जोडणी नीट असेल तर तो लागतो. आमचा विझलेला होता. माझ्या सातवीतल्या मुलानं बोटानं केबल दाबून धरली तर दिवा लागला, सोडली की विझला.

केबलच्या टोकाला पारदर्शक प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा असतो ना, त्याला मागं एक छोटा खटका असतो. खोचताना 'टक्' असा आवाज येतो तो त्याचाच. तो तुटला होता. आत आठही तारा शाबूत, रंग ओळीनं बसलेले, पण पकड नव्हती. बाजारातून ३ मीटरची तयार केबल आणली. 'टक्' आवाज आला, दिवा लागला.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. तोवर डेस्कटॉपचा पत्ता १६९.२५४ नं सुरू होणारा दिसत होता. राऊटरकडून पत्ता मिळाला नाही तर विंडोज स्वतःच असा पत्ता लावून घेतं. काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, 'आयपीकॉन्फिग' असं इंग्रजीत टाइप करून एंटर दाबलं की पत्ता दिसतो. १६९.२५४ दिसला की समजायचं, कॉम्प्युटर चालू आहे पण त्याला घरात घेतलेलं नाही. आधी वायर आणि राऊटर बघायचा. नवीन केबल लावल्यावर आमचा पत्ता १९२.१६८.१.७ झाला.

पायरी २ : दोघं एकाच घरात आहेत का?

आता डेस्कटॉपवर इंटरनेट चालू, लॅपटॉपवर इंटरनेट चालू. तरी एकाला दुसरा दिसेना. दुपारचं जेवण झालं, भांडी झाली, तरी तेच. मग लॅपटॉपचा पत्ता काढला. तो निघाला १९२.१६८.४३ नं सुरू होणारा.

भाऊ हसायलाच लागला. "ताई, तुझा लॅपटॉप घरात नाहीच. कुणाच्या तरी मोबाईलवर आहे." खरंच तसं होतं. आदल्या रात्री वीज गेली तेव्हा आमच्या ह्यांच्या मोबाईलचा हॉटस्पॉट घेतला होता, आणि लॅपटॉप अजून त्यालाच धरून बसला होता. दोघांचं इंटरनेट चालू, म्हणून मी समजत होते की दोघं एकाच ठिकाणी आहेत. एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले, पण नेटवर्क वेगळी! घरगुती राऊटरवर पत्त्याचे पहिले तीन आकडे दोन्हीकडे सारखे आले पाहिजेत, शेवटचा वेगळा. लॅपटॉप घरच्या वाय-फायला जोडला, पत्ता आला १९२.१६८.१.४.

पायरी ३ : हाक मारून बघणं

आता 'पिंग'. ही फार साधी पण कामाची गोष्ट आहे. माइक म्यूस नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरनं १९८३ मध्ये हा छोटा प्रोग्रॅम लिहिला. पाणबुडी शोधायला सोनारचा आवाज पाण्यात सोडतात आणि प्रतिध्वनी येतो का बघतात, त्या आवाजावरून नाव पडलं पिंग. आपण 'पिंग' लिहून पुढं दुसऱ्या कॉम्प्युटरचा पत्ता लिहायचा. आपला कॉम्प्युटर त्याला हाक मारतो, 'आहेस का?' तो म्हणतो, 'आहे.' विंडोजमध्ये ही हाक ४ वेळा जाते आणि प्रत्येक हाकेला उत्तरासाठी ४ सेकंदांपर्यंत वाट बघितली जाते. हा ४ सेकंदांचा आकडा ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

डेस्कटॉपवरून लॅपटॉपला हाक मारली, चार वेळा उत्तर आलं. लॅपटॉपवरून डेस्कटॉपला हाक मारली, तर चारही वेळा एकच ओळ : 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. म्हणजे वाट बघितली, उत्तर आलं नाही.

मी वैतागून म्हणाले, "हा डबा गेला वाटतं." मुलगा म्हणाला, "आई, गेला कसा? आत्ता त्यानंच लॅपटॉपला हाक मारली की!"

बरोबर होतं त्याचं. डेस्कटॉप हाक मारत होता, उत्तर ऐकत होता, इंटरनेटवरून पानं आणत होता. फक्त त्याला कुणी हाक मारली की गप्प बसत होता.

भावानं एक गंमत करायला सांगितली. "डेस्कटॉपची केबल काढ, जरा थांब आणि मग पिंग कर." केबल काढली. थोड्या वेळानं लॅपटॉपवर ओळ बदलली : 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल'. भाऊ म्हणाला, "फरक बघ. आत्ता जे आलं त्याचा अर्थ, त्या पत्त्यावर कुणी सापडत नाही. मघाशी आलं होतं त्याचा अर्थ वेगळा. तिथं कुणीतरी होतं, पण बोललं नाही. उत्तर न येण्याचे हे दोन वेगळे प्रकार आहेत, ताई. दोन्हीला 'बंद आहे' म्हणू नकोस."

केबल परत लावली. 'टक्'.

पायरी ४ : गप्प का बसतो?

एका सहकारी सरांना फोन केला होता, ते म्हणाले, "मॅडम, फायरवॉल बंद करून टाका, सगळं चालू होतं." फायरवॉल म्हणजे कॉम्प्युटरचा राखणदार. बाहेरून कोण आत येऊ बघतंय ते तो तपासतो. भाऊ नको म्हणाला. "राखणदाराला हाकलू नकोस. त्याला फक्त सांग की हे आपलं घर आहे."

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी नवीन नेट जोडलं तेव्हा विंडोजनं विचारलं होतं, हे नेटवर्क घरचं, ऑफिसचं की सार्वजनिक? कुणीतरी घाईत 'सार्वजनिक' म्हणजे 'पब्लिक' दाबलं. कुणीतरी म्हणजे मीच. तेव्हापासून तो बिचारा स्वतःच्याच घरात एसटी स्टँडवर बसल्यासारखा बसला होता. सामान पोटाशी धरून, कुणी हाक मारली तरी मान वर न करता. स्टँडवर हे शहाणपणाचंच वागणं आहे. त्याची चूक काहीच नव्हती. आपण कुठं आहोत हे त्याला चुकीचं सांगितलं होतं, आणि ते मी सांगितलं होतं.

नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर उघडलं, 'पब्लिक' शब्दावर क्लिक करून 'होम' निवडलं. विंडोज १० मध्ये त्यालाच 'प्रायव्हेट' म्हणतात, लॅपटॉपवर ते मी आधीच केलं होतं. पुन्हा हाक मारली. चारपैकी चार उत्तरं. राखणदार जागेवरच होता.

पायरी ५ : ओळख

तरी फोल्डर उघडेना, नाव आणि पासवर्ड मागत होता. इथं पुष्कळ जण अडकतात म्हणून सांगते. एक तर, ज्याच्या घरी जायचं त्याच्या इथलं नाव द्यायचं असतं, म्हणजे डेस्कटॉपवरचं, लॅपटॉपवरचं नाही. दुसरं, डेस्कटॉपवर माझ्या खात्याला पासवर्डच नव्हता, आणि रिकाम्या पासवर्डच्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. डेस्कटॉपवर पासवर्ड ठेवला, फोल्डरवर राइट क्लिक करून तो शेअर केला, फक्त वाचण्याची परवानगी दिली. लॅपटॉपवर दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढं डेस्कटॉपचा पत्ता लिहिला. फोल्डर उघडला!

३८ जीबी यायला जवळपास अडीच तास लागले. डेस्कटॉपचं नेटवर्क कार्ड १०० एमबीपीएसचं. पण तो आकडा बिटांचा असतो आणि फाईल मोजतात बाइटांत, म्हणून ८ नं भागायचं, फार तर साडेबारा एमबी सेकंदाला. त्यात लॅपटॉप वाय-फायवर, म्हणून आणखी कमी. काम संपल्यावर डेस्कटॉपची केबल काढून ठेवली. विंडोज ७ ला सुरक्षेच्या सुधारणा मिळणं १४ जानेवारी २०२० ला थांबलं आहे. त्यामुळं असा कॉम्प्युटर विनाकारण नेटवर ठेवू नये.

इथपर्यंत कॉम्प्युटरची गोष्ट.

रात्री फाईली नीट आल्या का म्हणून अधूनमधून उघडून ऐकत होते. २०१७ चा एक फोल्डर उघडला. त्या मुलाचं नाव लिहीत नाही. दोन-तीन महिने वर्गात होता, मग गेला. त्याची फाईल ४० सेकंदांची. वाचन नाहीच तिच्यात. आहे तो माझाच आवाज.

"वाच बाळा." मग, "वाच ना." मग, "अरे, वाच की, कालच घेतलं ना हे?" मग, "तोंड नाही का तुला?" मागं दोन मुलं हसल्याचा आवाज. मग माझाच आवाज, "बरं, पुढचा."

मी पुन्हा लावलं. पहिल्या 'वाच बाळा' नंतर दुसरं 'वाच ना' येईपर्यंत किती वेळ गेला ते स्क्रीनवरच्या काट्यावर मोजलं. २ सेकंद. मशीन ४ सेकंद थांबतं. मी २.

शेजारी मुलगा बसला होता. तो काही बोलला नाही. फाईल बंद केली.

आता वर्गातल्या मुलीबद्दल. मी सांगली जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. जवळच साखर कारखाना आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि त्यांच्याबरोबर मुलं. या वर्षी नोव्हेंबरमध्ये बीडकडून आलेली एक मुलगी दुसरीत बसायला लागली. चार वर्षांचा भाऊ कडेवर, तो वर्गातही तिच्या शेजारीच. पहिल्या दिवशी डबा खाताना मी विचारलं, "डबा कुणी दिला गं?" ती म्हणाली, "याडीनं."

वर्ग खो खो हसला. मुलांना ऐकू आलं 'येडीनं'. मी मुलांना दटावलं. आणि तिला, शिकवण्याच्या भरात, म्हणाले, "असं नाही म्हणायचं बाळा. आईनं दिला, असं म्हण."

त्यानंतर ती वर्गात बोलली नाही. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. वाचायला उभी केली की पुस्तकात बघायची, ओठ मिटलेले. माझ्या नोंदवहीत तिच्या नावापुढं दोन महिने एकच शेरा आहे : 'प्रतिसाद नाही'. डिसेंबरच्या शेवटी त्याखाली मी आणखी लिहिलं होतं, 'अक्षरओळख नाही'. ही दुसरी नोंद मी कशावरून केली? कशावरूनच नाही. उत्तर आलं नाही, म्हणून आत काही नाही असं धरलं.

डी.एड.ला आपण सगळे निदानात्मक चाचणी आणि उपचारात्मक अध्यापन शिकलो. परीक्षेत त्यावर टिपाही लिहिल्या. पण पस्तीस पोरांच्या वर्गात हात आधी उपचाराकडं जातो. मीही सेटिंग आधी उघडली होती. दिवा बघितलाच नव्हता.

सोमवारी शाळेत गेले ते रविवारचा क्रम मनात धरून.

आधी वायर. तिला ऐकू नीट येतं का, दिसतं का? मागं उभं राहून हळू आवाजात भावाचं नाव घेतलं, ती लगेच वळली. फळ्यावरची लांबची चित्रं बोटानं बरोबर दाखवली. सकाळी खाऊन येते का? बऱ्याचदा नाही. म्हणून वाचनाची वेळ खिचडीनंतर ठेवली.

मग, आत काय आहे? बोलायला लावलंच नाही. दहा शब्दकार्डं आणि दहा चित्रं दिली, जोड्या लावायला सांगितलं आणि मी दुसऱ्या कामाला गेले. परत आले तर नऊ जोड्या बरोबर. 'अक्षरओळख नाही' अशी नोंद असलेली मुलगी! मी नोंदवही काढली आणि ती ओळ तिथंच खोडली. ती वर्गात होती. सगळं ऐकत होती, वाचत होती. फक्त हाकेला ओ देत नव्हती.

गप्प का, ते शाळेत कळणार नव्हतं. संध्याकाळी एका सहकारी मॅडमना घेऊन कोप्यांवर गेले. लांबूनच तिचा आवाज आला. भावाला रागावत होती, पाणी आणणाऱ्या बाईला काहीतरी ओरडून सांगत होती. मला बघितलं आणि आवाज बंद. तिची आई म्हणाली, "घरी लई बोलती बाई, थांबतच न्हाई." ते घरात गोरमाटी बोलतात. गोरमाटीत आईला म्हणतात याडी.

मी तिथं बाजेवर बसले होते, उठवेना मला. पोरीनं आईला आई म्हटलं होतं, आणि मी भर वर्गात तिला सांगितलं होतं, असं नाही म्हणायचं. पहिल्याच दिवशी. तिनं काय करायचं होतं? तिनं स्टँडवर जे करतात तेच केलं. सामान पोटाशी धरलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी मुलांना सांगितलं, "मुलांनो, मी एक चूक केली होती. याडी म्हणजे आई. मला हा शब्द माहीत नव्हता." फळ्यावर लिहिलं, आई, खाली याडी. एका मुलानं विचारलं, "बाई, मग वडिलांना काय म्हणतात?" मी म्हणाले, "मला नाही माहीत, तिला माहीत आहे. पण तिला वाटलं तर सांगेल. आपण थांबू." थांबलो. तिनं त्या दिवशी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तिला बोलतं करायला मी बक्षीस लावलं नाही, रागावले नाही, पुढं उभी केली नाही. राखणदाराला हाकलायचं नाही, हे भावानं सांगितलेलं डोक्यात होतं.

थांबण्याचा मात्र सराव करावा लागला. अमेरिकेतल्या मेरी बड रो या विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासकानं १९७० च्या दशकात वर्गांची रेकॉर्डिंग्ज तपासली होती. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी साधारण एकच सेकंद थांबतात असं त्यांना आढळलं. तोच वेळ ३ सेकंदांच्या वर नेला की मुलांची उत्तरं मोठी होतात, एरवी न बोलणारी मुलंही बोलायला लागतात. वाचायला सोपं आहे. करून बघा. पस्तीस डोकी समोर असताना ४ सेकंदांची शांतता फार लांब वाटते. मी टेबलाखाली बोटं मोजायचे, एक, दोन, तीन, चार. पहिल्या आठवड्यात निम्म्या वेळा मला जमलं नाही, मध्येच तोंड उघडायचं.

साधारण तीन आठवड्यांनी, मधल्या सुट्टीनंतर, ती कोपऱ्यात भावाला मांडीवर घेऊन बसली होती. पुस्तक उघडं, बोट शब्दाखाली, आणि ती त्याला वाचून दाखवत होती. हळू, पण स्पष्ट. मध्येच एक शब्द त्याला कळला नाही तर गोरमाटीत सांगत होती. म्हणजे माझ्या वर्गात एक दुभाषी बाई बसली होती आणि मला पत्ता नव्हता! मी जवळ गेले नाही. मोबाईल टेबलावर ठेवून बटण दाबलं. त्या फाईलमध्ये वर्गाचा गलका आहे, बाहेरच्या ट्रॅक्टरचा आवाज आहे, आणि मधोमध तिचे २३ सेकंद आहेत. सुट्टी झाल्यावर तिला विचारलं, "हे ठेवू का मी?" मी एक, दोन, तीन, चार मोजले. पाचव्याला तिनं मान हलवली.

ती आता धडाधड उत्तरं देते असं मी म्हणणार नाही. हात वर करत नाही. विचारलं तर एका शब्दात सांगते, कधी सांगतही नाही. पण मुलांनी चार-पाच गोरमाटी शब्द उचलले आहेत आणि ते चुकीचे म्हटले की ती हसते. सुधारूनही देते. मी तिला सुधारलं त्यापेक्षा पुष्कळ मायेनं.

मार्च संपता संपता टोळी परत जाईल. तिच्या शिक्षण हमी पत्रकावर पुढच्या शाळेसाठी काय लिहायचं ते मी ठरवलं आहे. 'साधे शब्द व छोटी वाक्ये वाचते. गोरमाटी व मराठी दोन्ही समजते. वर्गात बोलायला वेळ लागतो, कृपया थांबावे.' २०१७ च्या त्या मुलाच्या वेळी मी काय लिहिलं होतं ते मला आठवत नाही, आणि आता ते दुरुस्त करता येणार नाही. त्याची ४० सेकंदांची फाईल मी पुसलेली नाही. नव्या लॅपटॉपवरही आहे.

पालकांनो, तुमचं मूल घरी बोलतं आणि शाळेत गप्प असतं असं असेल, तर 'आमची लाजाळू आहे' म्हणून सोडून देऊ नका आणि 'बोल की गं बाईंशी' म्हणून सगळ्यांसमोर ढकलूही नका. घरी ती काय बोलते, कोणत्या भाषेत बोलते, कोणापाशी बोलते ते आम्हाला येऊन सांगा. आम्हाला अर्धाच पत्ता माहीत असतो. ऐकण्यादिसण्याची थोडी जरी शंका असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, ती पहिली पायरी आहे. आणि शिक्षक मित्रांनो, तुमच्या नोंदवहीत कुणाच्या नावापुढं 'प्रतिसाद नाही' लिहिलं असेल तर एकदा तपासून बघा. तिथं कुणी नाही, की तिथं कुणीतरी आहे पण बोलत नाही?

मूल म्हणजे यंत्र नव्हे, हे मला कळतं. कॉम्प्युटरला 'हे घर आहे' असं एका क्लिकमध्ये सांगता येतं. मुलाला ते रोज सांगावं लागतं, आणि ते पटायला किती दिवस लागतील हे मूल ठरवतं. तोवर बोटं मोजत थांबायचं.

डेस्कटॉप आता कपाटावर आहे. परवा मुलगा म्हणाला, "आई, भंगारात देऊ या का?" म्हटलं, राहू दे रे थोडे दिवस.